पळीभर तेल

आश्विन शुद्ध प्रतिपदेस आई तुळजाभवानी मंचकी निद्रेतून उठून सिंहासनारूढ होते, घटाची स्थापना होते आणि या जिल्ह्यातील सहस्रावधी घरांतून नंदादीप उजळतो. तो लावण्याचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. त्या वेळी शंख वाजतो, घंटा घणघणते, मुले हात जोडून उभी राहतात. पुढील नऊ रात्री मात्र तो दीप तेवत राहतो तो त्या घरच्या गृहिणीमुळे. मध्यरात्री डोळ्यांवरची झोप आवरून ती उठते, समईत पळीभर तेल घालते आणि वात पुढे सारते. तेव्हा शंख वाजत नाही. वाचकहो, आज या पानावर आम्हांस लिहावयाचे आहे ते या दुसऱ्या कामाविषयी. आणि तेही घरच्या नव्हे, गावच्या दीपाविषयी.

गावचा दीप म्हणजे देवळाचा सभामंडप, पार, तालीम, वाचनालय, समाजमंदिर, आणि अलीकडे ज्यास 'सांस्कृतिक सभागृह' असे भारदस्त नाव मिळाले आहे ती वास्तू. नावे निरनिराळी असली तरी प्रयोजन एकच: चार माणसांनी स्वतःच्या घराबाहेर, परंतु स्वतःच्याच म्हणविल्या जाणाऱ्या छपराखाली एकत्र बसावे.

गेल्या वर्षी ललितापंचमीस या जिल्ह्यातील एका गावी आमचे कीर्तन ठरले होते. गावाचे नाव आम्ही सांगत नाही. सांगितले तर त्या एकाच गावावर अन्याय होईल. तेथील मारुतीच्या देवळात आम्ही तीस वर्षे उभे राहत आलो. सात-आठ वर्षांपूर्वी देवळाशेजारी प्रशस्त सभागृह बांधले गेले. उद्घाटनाचे मंगलाचरण आमच्याच मुखातून झाले. कोनशिलेवरील नावे वाचता वाचता निवेदकास धाप लागली होती, हेही आम्हांस स्मरते. त्याच सभागृहाच्या दारी गेल्या वर्षी आम्ही झांजा घेऊन उभे राहिलो तो दाराला कुलूप! किल्ली ज्या गृहस्थांकडे ते लग्नकार्यास परगावी गेलेले. तासाभराने कुलूप निघाले तेव्हा आत सोयाबीनची पोती आणि खताच्या गोण्या रचलेल्या दिसल्या. विजेचे बिल थकल्यामुळे जोडणी केव्हाच तुटली होती. अखेर शाळेच्या ओट्यावर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक दिवा लावून, आम्ही पूर्वरंगास आरंभ केला. निरूपण चालू असता एक वृद्धा पदराआड समई धरून आली आणि आमच्या पुढ्यात ठेवीत म्हणाली, "बुवा, घटाचा दिवा हलवता येत न्हाई, म्हनून ह्यो दुसरा आनलाय." त्या रात्रीचे आख्यान आम्हांस धड रंगविता आले नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

या प्रसंगात दोष कोणाचा? पैसा आला नाही असे म्हणावे तर लक्षावधी रुपये आले. तो पोहोचला नाही म्हणावे तर वास्तू डोळ्यांसमोर उभी आहे आणि तिच्या भिंतीस तडाही नाही. पैसा आला तो बांधण्यासाठी. तेवत ठेवण्यासाठी कोणी पैही दिली नाही.

१९९३ हे वर्ष या दृष्टीने मोठे विचित्र ठरले. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन ग्रामपंचायतीस व ग्रामसभेस घटनेचे अधिष्ठान लाभले. डिसेंबरमध्ये खासदारनिधीची योजना सुरू झाली. आज त्या योजनेत प्रत्येक खासदारास वर्षाकाठी ५ कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. आमदारनिधी आहे, वित्त आयोगाचा निधी आहे. या साऱ्यांतून गावोगावी सभागृहे उठली आणि त्यांचा उपयोग झालाच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या निधीच्या स्वभावातच एक उणेपण आहे. तो भिंतीला मिळतो, दिवाबत्तीला मिळत नाही. झाडणाऱ्याचा पगार, विजेचे बिल, फाटलेली सतरंजी, मृदंगाची शाई, वर्तमानपत्राची वर्गणी यांस तेथे खातेच नाही. वास्तू ग्रामपंचायतीच्या स्वाधीन होते आणि ज्या पंचायतीची घरपट्टीच वसूल होत नाही ती सभागृहात दिवा कोठून लावणार? दरम्यान आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. नाव पालटले, कुलूप तेच राहिले.

आता आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा सोडविला होता ते पाहू. वाचकांस वाटेल, संस्कृतच्या पंडितास जुन्या शिलालेखांत रमण्याची खोड असावयाचीच. असो, खोड तर खोड. यादवकालीन आणि त्यापूर्वीच्या दानलेखांत देवालयास जमीन वा उत्पन्न लावून देताना ते कशासाठी, हे स्पष्ट लिहिलेले असते. पहिले खाते अंगभोगाचे, म्हणजे देवाचे स्नान, गंध, नैवेद्य, दीप. दुसरे रंगभोगाचे, म्हणजे रंगमंडपात देवापुढे चालणारे गायन, वादन, नर्तन. आणि त्याच लेखांतून आणखी एक शब्द पुनःपुन्हा येतो: खंडस्फुटितजीर्णोद्धार, म्हणजे जे मोडेल, फुटेल, जीर्ण होईल त्याची दुरुस्ती. देवालय बांधणाऱ्या राजास ठाऊक होते की दगडही फुटतो आणि गवयासही पोट असते. म्हणून चिरा बसविण्याच्या आधीच या खर्चाची तरतूद होई.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६ चा शिलालेख या बाबतीत मननीय आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. त्या मठास राजाने दान दिलेच. परंतु लेखाच्या मराठी भागात बाजारपेठेने मठास काय द्यावयाचे तेही नमूद आहे. त्यात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी प्रत्येकी एकेक पळी तेल द्यावे, असा निर्बंध आढळतो. ग्रहगणिताचे ते विद्यापीठ आणि त्याच्या दिव्यात तेल कोणाचे, तर गावच्या घाणेवाल्यांचे! सिद्धान्तशिरोमणीतील एक अक्षरही त्यांना कळत नसेल. पण दिवा आपल्या तेलावर जळतो हे त्यांस ठाऊक होते, आणि जो तेल घालतो तो दिवा विझला तर विचारतोच.

पंढरपुरी विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ या काळातील. देवळास देणगी देणाऱ्यांची नावे त्यात कोरली आहेत. रामदेवराव यादवाचे नाव आहे, हेमाद्रिपंडिताचे आहे, आणि ज्यांची इतिहासात दुसरी कोणतीच नोंद नाही अशा साध्या भाविकांचीही आहेत. याला आम्ही दगडावरचे पावतीपुस्तक म्हणतो. आजच्या कोनशिलेवरही नावे असतात. परंतु ती देणाऱ्यांची नसून देवविणाऱ्यांची असतात, हा भेद लक्षात घ्यावा. विष्णुस्मृतीने तर विहीर, बाग, तळे व देवालय यांची दुरुस्ती करणाऱ्यास मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ सांगितले आहे. तरीही सभागृहाच्या डागडुजीची कोनशिला बसविलेली आमच्या पाहण्यात अद्याप आलेली नाही.

फार दूर कशास जावे? आमच्या तुळजापुरातच पहा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनास आईची पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तेथील तेली समाजातील भगत घराण्याच्या मानाने. सीमोल्लंघनानंतर आई ज्यावर कोजागिरीपर्यंत विश्रांती घेते तो पलंग येतो पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून. संस्थानास एक पलंग विकत घेणे अवघड आहे काय? परंतु तो विकत घेतला की घोडेगावचा आईशी असलेला धागा तुटला. कोणाच्या वाट्यास काय, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे आणि वाटा उचलणारा तो भार मानीत नाही, मान मानतो. जोगवा तरी दुसरे काय आहे? परडी हाती घेऊन आराधीण मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जाते ती केवळ उदरनिर्वाहासाठी नव्हे. सधन घरच्या लेकीसुनांनीही नवसाप्रमाणे निदान पाच घरी जोगवा मागावा, असा प्रघात आहे. मागणाऱ्याचा ताठा जावा आणि देणाऱ्याची मूठ सुटावी, हा त्यातला भाव.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे अर्थशास्त्र याच जोगव्यावर उभे आहे. नोंदणी नाही, कार्यालय नाही, पगारी नोकर नाही. तरीही सात दिवस अहोरात्र वीणा खाली ठेवली जात नाही आणि शेकडो पाने उठतात. कोणी ज्वारी देतो, कोणी गूळ, कोणी सरपण. एकेका दिवसाची पंगत एकेक घर उचलते, भाकऱ्या घरोघरी थापल्या जातात आणि आमटीची कढई मात्र एकच असते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. घरी रेशनवरची लाल मिलो शिजे. वडिलांनी त्या वर्षी सप्ताह करू नये असे सुचविले तेव्हा गावातील खडी फोडायला जाणाऱ्या बायांनी सांगितले की आम्ही घरटी एक ओंजळ मिलो देऊ, पण वीणा उतरू नये. सप्ताह झाला. पंगतीत मिलोच्याच कण्या होत्या आणि त्या कोणी पानात टाकल्या नाहीत. काल्याच्या दिवशी वडिलांनी व्यासपीठावरून जमाखर्च वाचून दाखविला. अमकीच्या घरून एक ओंजळ, तमकीच्या घरून एक ओंजळ. शेवटी शिल्लक दीड पायली. ती कोणास द्यावयाची ते त्याच सभेत ठरले. लोकसभेतील अर्थसंकल्पाची भाषणे पुढे आम्ही आकाशवाणीवर पुष्कळ ऐकली. त्या वाचनाची सर त्यांना आली नाही.

हे सारे भजन-कीर्तनापुरतेच, असे कोणी समजू नये. निजामी राजवटीत या भागात सभा घ्यावयाची तर परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. त्या काळी वाचनालय, गणेशोत्सव, कीर्तनाचा मंडप हीच माणसांनी एकत्र बसण्याची स्थळे होती आणि तेथूनच मनामनांत स्वातंत्र्याची ठिणगी पोहोचली. लोहारा तालुक्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले. ती शाळा सरकारी अनुदानावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर आणि शिक्षकांच्या अर्धपोटी राहण्यावर चालली. १७ सप्टेंबर १९४८ उजाडला त्याच्या मागे अशा किती समयांचे तेल होते!

तेरणेच्या काठी तेर येथे गोरोबाकाकांच्या अंगणात संतमंडळी जमली आणि काकांनी थापटण्याने एकेकाचे मडके पक्के की कच्चे ते पाहिले, ही कथा आमच्या वाचकांस मुखोद्गत आहे. त्या सभेस सभागृह कोणते होते? कुंभाराचे अंगण. परंतु तेथे शिंपी आला, माळी आला, सोनार आला, ब्राह्मणही आला. त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमिनीतून मिळणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. आधी माणसाचा ध्यास, मागाहून शासनाची इमारत. क्रम असा असला म्हणजे वास्तूस प्राण असतो. उलट आज एकाच गावात प्रत्येक जातीचे वेगळे समाजमंदिर मागितले जाते, मिळते, आणि त्यांतील एकही वर्षातून दहा दिवस उघडत नाही. गावकुसाबाहेरच्या बांधवांना जुन्या देवळाच्या मंडपात मोकळेपणी बसू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी आपले स्वतंत्र छप्पर मागितले, हे विसरून आम्ही त्यांस दोष देणार नाही. तो दोष आमच्याकडे, मंडपात बसलेल्यांकडे आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यातील कोणास विसरता येईल? आदल्या रात्री गणपती विसर्जून माणसे थकून निजली होती. चारच्या सुमारास धरणी हादरली आणि लातूर व आमच्या जिल्ह्यातील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. मागाहून ५२ गावे सर्वस्वी नव्या जागी वसविली गेली. सरळ रस्ते, सुटसुटीत घरे, शाळा, समाजमंदिर. देणारे हात जगभरातून आले आणि त्यांचे उपकार विसरण्याजोगे नाहीत. पुढील काही वर्षे त्या वसाहतींत आम्ही पुष्कळ कीर्तने केली. प्रारंभी माणसे येत, पण बसत ती अंग चोरून. एका बाईने सांगितले, जुन्या गावात भिंतीला भिंत होती, शेजारणीला हाक मारली की ती यायची. इथे घरे इतकी लांब की हाक पोचतच नाही. समाजमंदिर नवेकोरे होते आणि लोक जुन्या गावठाणातील मोडक्या पारावर जाऊन बसत. मग तेथील बायांनी एक रीत पाडली. श्रावणापासून घरटी आठवड्यास एक वाटी तेल, आळीपाळीने सडासारवण, आणि सायंकाळी त्या दिव्याखाली मुलांचा अभ्यास. दोन वर्षांत पार ओस पडला आणि समाजमंदिर भरले. वीज पुढे आली. वाटीऐवजी घरटी दहा रुपये झाले. ते दहा रुपये आजही गोळा होतात.

वर्गणीचा हा गौरव करताना तिचे दुसरे रूपही आम्ही झाकणार नाही. रस्त्यात दोरी बांधून वाहन अडविणे ही वर्गणी नव्हे. ज्याच्या रानात पिकाऐवजी पाणी उभे आहे त्या शेतकऱ्याच्या दारी पावतीपुस्तक आपटणे हा तर अधर्म होय. सार्वजनिक न्यासविषयक कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे उत्सवासाठी पैसा गोळा करण्यास धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती किती मंडळे घेतात आणि काल्याच्या दिवशी हिशेब किती जण वाचतात? लोकांनी तेलासाठी दिलेला पैसा छाती हादरविणाऱ्या भोंग्यांच्या भिंतीवर उडतो, तेव्हा पुढल्या वर्षी मूठ आवळली गेली तर नवल काय? आणि आम्ही कीर्तनकार तरी धुतल्या तांदळासारखे आहोत काय? एका रात्रीच्या कथेस हजारोंची बिदागी आगाऊ ठरविणारे आमच्यात आहेत. आम्हीही पूर्वी नारळ आणि गाडीभाड्यावर जात असू. आज पाकीट घेतो, आणि ते पातळ असले तर मनात आकडा येतो. गावाच्या वर्षभराच्या तेलाचा पैसा आम्ही एका रात्रीत उचलून नेत असू, तर त्या कुलपास आमचाही हात लागलेला आहे.

मग शासनाने काहीच करू नये काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्याने एक चांगला पायंडा पाडला. अ, ब, क, ड असा दर्जा पाहून ग्रंथालयास दरवर्षी अनुदान मिळते. ते तुटपुंजे आहे, हप्त्याहप्त्याने रेंगाळत येते, ग्रंथपाल त्यात जेमतेम जगतो. परंतु ते चालविण्यासाठी मिळते, केवळ बांधण्यासाठी नाही. सभागृहांसाठी असे काही का नसावे? गावाने वर्षभरात जेवढी वर्गणी प्रामाणिकपणे जमविली आणि जाहीर वाचून दाखविली, तेवढीच भर शासनाने घालावी. ज्या गावाने काहीच जमविले नाही त्यास नवी इमारतही देऊ नये. हे कठोर वाटेल. मात्र जेथे दुष्काळाने हात रिकामे आहेत तेथे ओंजळभर धान्य आणि चार दिवसांचे श्रमदानही वर्गणी म्हणूनच मोजावे.

६ मे २०२५ रोजी चौंडी येथील मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकासासाठी १८६५ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. यात्रेकरूंच्या सोयी व्हाव्यात, रस्ते रुंद व्हावेत, त्यास आमची ना नाही. आमची विनंती एवढीच की त्या आराखड्यात अंगभोगाबरोबर रंगभोगाचेही खाते असावे. नवरात्रात शेकडो आराधी स्त्रिया घरदार सोडून येथे राहतात. संबळ घेऊन गोंधळी येतात. ज्यांच्या गळ्यातून आईची गाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली त्यांस उन्हापावसात बसावयास एक साधे छप्पर असावे, आणि त्या छपराच्या झाडलोटीची व दिवाबत्तीची वार्षिक तरतूद त्याच्या पहिल्या विटेआधी लिहून ठेवावी. गावोगावच्या वाचकांस आम्ही असे सुचवितो की २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुधा नवरात्राच्या आगेमागेच येते. त्या सभेत उठून, आपल्या सभागृहाचे विजेचे बिल मागील वर्षी कोणी भरले, एवढा एकच प्रश्न विचारावा. धाराशिवात २०१७ साली नाट्यसंमेलन झाले, २०२० च्या जानेवारीत साहित्यसंमेलन झाले. दोन्ही वेळी आम्ही गर्दीत होतो आणि अभिमानाने ऊर भरून आला. पण मंडप उतरल्यावर त्याच माणसांनी पुढल्या महिन्यात बसावयाचे कोठे, हे त्या वेळी आमच्याही मनात आले नाही.

यंदाच्या ललितापंचमीचे निमंत्रण त्याच गावाहून आले आहे. आंतरदेशीय पत्रे गेली. निमंत्रण आता भ्रमणध्वनीवर येते. त्यात स्थळ 'सांस्कृतिक सभागृह' असे लिहिले आहे आणि कंसात 'जमल्यास' असा शब्द आहे. आम्ही होकार कळविला. बिदागी घेणार नाही, तेवढ्या रकमेचे बिल भरावे, असेही कळविले आणि शेवटी विचारले की किल्ली यंदा कोणाकडे आहे. उत्तराची वाट पाहत आहोत. त्या वृद्धेची समई मात्र आमच्याकडेच राहिली होती. ती चिंचेने घासून झोळीत ठेवली आहे.